रखमाजीचा हवापालट

माणसाच्या आयुष्यात श्वासाइतकी स्वतःच्या मालकीची दुसरी वस्तू नाही. निदान वेल्ह्याकडच्या आमच्या गावात सोनबानं पिठाच्या गिरणीला डिझेलचं इंजिन बसवलं, तोवर तरी नव्हती.

इंजिनाचा धूर सोडणारा पाइप पूर्वेच्या भिंतीतून बाहेर आला होता. त्याच्या तोंडावर सोनबानं गाडगं अडकवलं होतं. गाडग्यामुळं पुकपुक आवाज ओढ्यापलीकडच्या वाड्यांपर्यंत जाई आणि बाया दळण डोक्यावर घेऊन निघत. पाइपासमोरच रखमाजीचं दार. म्हाताऱ्याला दमा. पुकपुक सुरू झाली की तो उठून बसे, बाहेर येई, खोकत आत जाई, पुन्हा बाहेर येई. थुंकी काळी पडे. अंगणातल्या धुण्याचाही तोच रंग.

भोरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "हवापालट करा."

"कुठं जायाचं, डाक्टर?" त्याची बायको अंबूबाई म्हणाली. "पुण्याची मानसं हवा खायाला आमच्याकडं येत्यात."

डॉक्टर हसले नाहीत. बाहेर रांग होती.

अंबूबाईनं तो सल्ला तसाच चावडीवर मांडला. "डाक्टर म्हनलं, हवा पालटा. न्हाईतर ह्यास्नी होळी दिसायची न्हाई."

"हवा कशी पालटायची?" सरपंच आनंदरावांनी विचारलं.

"पाइप पालटा."

"छपरावर न्या की त्याला," कोणीतरी म्हणालं.

सोनबा उसळला. "वर गाडगं टिकंल व्हय? गाडगं न्हाई तर आवाज न्हाई, आवाज न्हाई तर दळान न्हाई. गावानं काय ज्वारी फुटाण्यावानी खायाची?"

"मग उत्तरेला काढ."

"तिकडं भैरोबा हाय."

"देवाला काय दमा हुतोय?"

"देवाला न्हाई, पर गुरवाला हुईल!" गुरव मागून ओरडला.

"दक्षिणेला?"

आनंदराव खाकरले. दक्षिणेला त्यांची ओसरी होती.

"आवो, धुरानं डास जात्यात," भिमा समजुतीनं म्हणाला. "फुकटचं औषद हाय, काकू."

"मंग आन तुजी वाकळ, नि नीज पाइपाच्या तोंडाशी," अंबूबाई म्हणाली.

रखमाजी खांबाला टेकून खोकतच होता. त्यामुळं कुणालाही लांबलचक बोलता आलं नाही. राहिली पश्चिम. तिकडं नुसता माळ, ना देव ना सरपंच. ठराव एकमतानं झाला. सोनबानं भिंत फोडली, पाइप फिरवला, आनंदरावांनी नारळ वाढवला.

माघातली थंडी होती. धूर माळाकडं जाऊ लागला. रखमाजी भैरोबापर्यंत चालत गेला, पारावर बसून गुरवाशी भांडला, घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. "पालटली बघा हवा," असं गाव एकमेकांना सांगू लागलं. अंबूबाईनं लुगडी पुन्हा अंगणात वाळत घातली.

रखमाजीनं होळी पाहिली.

होळीनंतर आमच्याकडे वारा पश्चिमेचा असतो.