चार नंबरची चड्डी

“आठ. पन्नासपैकी आठ,” म्हणत कोचने कागद इस्त्रीच्या टेबलावर टाकला. “आता तरी त्याची बाजू घेऊ नकोस, आत्या.”

आत्याने इस्त्री उभी करून ठेवली. स्टेडियमच्या पोटात, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, फुटबॉल क्लबची धुलाईची खोली होती. तिथे तिची सव्वीस वर्षं गेली होती. ती नक्की कोणाची आत्या, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण खेळाडूंपासून मालकापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. अक्षरंही ती इथेच शिकली, चाळिशी उलटल्यावर, कपड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता वाचता.

क्लबने यंदा नवीच टूम काढली होती. बाहेरून एक बाई आणून सगळ्या खेळाडूंची बुद्धीची परीक्षा घेतली. बारा मिनिटं, पन्नास प्रश्न. जो यात पुढे, तो मैदानातही नाव काढणार, असं मालकांच्या डोक्यात बसलं होतं. चार नंबरचा बचावपटू सगळ्यांच्या खाली राहिला. त्याला सगळे सुस्त्या म्हणत. त्याचा करार आजच्या मॅचनंतर संपत होता, आणि त्याला ठेवायचं की घरी पाठवायचं ते कोच ठरवणार होता.

“पाय हलत नाहीत, डोकंही चालत नाही,” कोच म्हणाला. “त्याची चड्डी बघ की. बाकीचे चिखलात लोळतात आणि हे महाराज बागेत फिरून आल्यासारखे.”

“साहेब, सव्वीस वर्षांची माती उतरलीय माझ्या टबात. बचावपटू लोळतो कधी? उशिरा पोचला की. मग पाय टाका, घसरा, लोळा. हा आधीच जाऊन उभा असतो. कशाला लोळेल?”

“आणि हे आठ?”

“विचारलं मी त्याला. म्हणाला, आठच सोडवले. एकाची खात्री पटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावला नाही. उघडा ना कागद. आठातला एक तरी चुकलाय का बघा.”

कोचने नुसता वरचा आकडाच पाहिला होता. त्याने कागद न उघडता खिशात कोंबला. “मला मॅच आहे,” म्हणून तो निघून गेला.

एरवी आत्या मॅच कानांनी बघायची. डोक्यावर धाडधाड पाय आपटले की गोल आपला, चिडीचूप झालं की त्यांचा. आज तिने इस्त्रीचं बटण बंद केलं, हात पुसले आणि गुडघे धरत जिना चढली.

वर नुसता कल्लोळ होता. आपला एक गोल, त्यांचा शून्य, चार मिनिटं शिल्लक. समोरचे अकराच्या अकरा अंगावर धावून येत होते. शेजारचा जाडा माणूस घसा फोडून ओरडत होता, “सुस्त्या, पळ की रे, मुळं फुटली का तुला?” आत्याने फक्त चार नंबरवर नजर लावली. इतके दिवस तिने त्याची माती ओळखली होती. खेळ आज पाहत होती.

त्यांच्या दहा नंबरने डावीकडून मुसंडी मारली. आपले दोघे घसरले, चिखल उडाला, दोघेही मागे पडले. गोलकीपर पुढे धावला आणि चुकला. मागे गोल उघडा. सगळे चेंडूकडे बघत होते, म्हणून कोणाला दिसलं नाही. आत्याला दिसलं. दहा नंबरने पाय उचलायच्या आत सुस्त्या निघाला होता. पळत नव्हता. चार पावलं उजवीकडे, मग एक मागे. चेंडू सुटला तो थेट त्याच्या छातीवर. त्याने तो पायाशी घेतला, मान वर करून पाहिलं आणि दूर लाथाडला.

शेवटची शिट्टी वाजली. जाड्याने आत्याला मिठी मारली. आत्यानेही त्याला मिठी मारली.

तासाभराने कोच खाली आला. “त्याची चड्डी दे बघू.”

आत्याने टोपलीतून काढून दिली. पांढरीशुभ्र. मागे तेवढा एक हिरवा डाग.

“हा?”

“तो शिट्टीनंतरचा. सगळे अंगावर पडले ना त्याच्या.”

कोच हसला. मग चड्डी हातात धरून उभाच राहिला. “आठही बरोबर होते, आत्या. मध्यंतरात पाहिला कागद. मॅच संपल्यावर तीन वर्षांचा करार घेऊन गेलो त्याच्याकडे. तर वरच्या श्रेणीतल्या क्लबचा माणूस आधीच त्याच्या शेजारी बसलेला. सकाळच्या गाडीने चाललाय तो.”

“म्हणजे तुम्ही उशिरा पोचलात.”

कोचने चड्डी तिला परत दिली. “तुला सांगून गेला का?”

“येऊन गेला. बोलला नाही फारसं. नववा प्रश्न सोडवत असेल अजून.”

कोच गेल्यावर तिने बाकीचे कपडे टबात लोटले. चार नंबरची चड्डी मात्र हाताने धुतली, डागावर साबण चोळून चोळून. वाळवली, इस्त्री केली. मग रोजच्यासारखी ती चार नंबरच्या खुंटीला अडकवली आणि तळव्याने तिच्यावरची एक चुणी सारखी केली.