काउंटरवेट धरून

“अहो, उत्तर साठ हजार आहे. साठ हजार ज्यूल. लिहा आणि पुढे चला.”

“एवढं नसतं गं.”

“पुस्तकात आहे!”

“पुस्तक लिहिणारा कधी लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरलाय का?”

मी पेन्सिल टेबलावर आपटली. आमच्या ह्यांना लिफ्ट दुरुस्त करत सव्वीस वर्षं झाली. गुडघे पार कामातून गेलेत. डॉक्टरांनी शिड्या बंद करायला सांगितल्या, आणि ह्यांचं काम म्हणजे दिवसभर शिडीच. सुपरवायझर झाले तर खुर्चीवर बसून काम. पण त्यासाठी खात्याची लेखी परीक्षा होती, गती, कार्य आणि ऊर्जा. दोनदा नापास झाले होते. ही तिसरी खेप, आणि तिसऱ्यांदा नापास झालेल्याला पुन्हा बसू देत नाहीत. म्हणून शिकवणी माझ्याकडे आली. बारावी सायन्सला या विषयात मी वर्गात पहिली होते. त्याचा उपयोग भाजीवाल्याशी हुज्जत घालण्यापलीकडे आजवर झाला नव्हता.

प्रश्न साधा होता. माणसांसकट पाचशे किलोची लिफ्ट बारा मीटर वर नेताना मोटारीने किती कार्य केले? पाचशे गुणिले दहा गुणिले बारा. संपलं.

“डब्याच्या दोराला दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन असतं,” हे मला समजावू लागले. “काउंटरवेट. डबा वर जातो तसं ते खाली येतं. मोटारीवर ओझं फक्त फरकाचं. ते चारशेचं धरलं तर उरले शंभर. म्हणजे बारा हजार.”

“प्रश्नात कुठे दिसतंय तुम्हाला काउंटरवेट?”

“नसेल तर ती लिफ्ट आधी बंद करायला हवी.”

मी कपाळाला हात लावला. आदल्या दिवशी ‘घर्षण नगण्य माना’ वाचून ह्यांनी विचारलं होतं, मग ब्रेक कसा लागणार? महिनाभर हेच चाललं होतं. शेवटी मी हात जोडले. “तीन तास विसरा हो त्या काउंटरवेटला. फक्त तीन तास.” ह्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

परीक्षेहून आले ते बूट न काढताच बसले.

“लिफ्टचं आलं होतं?”

“आलं होतं.”

“काय लिहिलंत?”

ह्यांनी पाण्याचा ग्लास संपवला. “आधी साठ हजारच लिहिलं. मग खोडलं.”

“का?”

“हात धजेना. सुपरवायझर झाल्यावर मोटारीच्या कागदांवर सही मलाच करायची ना.”

माझा तोल गेला. नको ते बोलले. तुमच्या हट्टापायी मला म्हातारपणी तुम्हाला उचलून न्यावं लागेल, असंही बोलले. दोन दिवस आमच्या घरात फक्त भांडी वाजत होती.

निकाल लागला. पास व्हायला चाळीस हवे होते, ह्यांना सदतीस मिळाले. लिफ्टचा प्रश्न पाच मार्कांचा होता. ह्यांनी अर्ज करून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आणली. त्या उत्तरावर काट मारून शेजारी लिहिलं होतं : ‘काउंटरवेट कुठून आले?’

सकाळी मी जेवणाचा डबा भरत असताना ह्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला. “चुकलंय कुठे, तेवढं सांग.”

मी पेन्सिल घेतली. पाचशेतून चारशे गेले, गुणिले दहा, गुणिले बारा. दोनदा केलं. चूक सापडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“तेच म्हणतो मी.” ह्यांनी कागदाची नीट घडी घातली, पान्यांच्या पिशवीत ठेवली आणि पिशवी खांद्याला लावून निघाले.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पुस्तकाप्रमाणे खाली उतरताना गुरुत्वाकर्षण काम करतं, माणसाला फारसं काही करावं लागत नाही. मी दारात उभी राहून ऐकत होते. एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा पाय, आणि कठड्यावर घासत जाणारा हात. खालचं दार वाजायला बराच वेळ लागला.