दाही बोटे शाबूत

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत राजेरजवाडे नाहीत की शूर शिपाई नाहीत. वडशाच्या एका आरागिरणीत लाकडे चिरणाऱ्या डोमाजी रामटेके नामक इसमास अवघ्या जन्मात एकदाच सुट्टी लाभली. ती त्याने डोंगरावर कशी घालविली, आणि त्या सुट्टीचे मोल त्याच्याकडून कसे वसूल झाले, ते यथामती निवेदन करावयाचे आहे. तरी चित्त द्यावे.

"अगा डोमा, बोंबलू नोको! खाली अस्वल झोपलं आहे, थे उठंल!"

वैशाखातील ती सकाळ होती. मोठ्या डोंगरीच्या माथ्यावर, काळ्या खडकाच्या टोकाशी डोमाजी दोन्ही बाहू पसरून उभा होता आणि पोटात मावेल तेवढा वारा भरून घेऊन आरोळ्या देत होता. मागून काठी टेकत चढणारा त्याचा मित्र कोलू मडावी हसत होता.

"उठू दे की! त्याले म्हणावं, रामटेके मिस्तरी सुट्टीवर आला आहे."

"गिरणी बंद पडली, त्याले सुट्टी म्हणते का गा कोणी?"

डोमाजीचे बाहू खाली आले. चेहऱ्यावरचे हसू वाऱ्याने उडवून न्यावे तसे गेले. आपण थट्टेत वर्मावर बोट ठेवले हे कोलूच्या ध्यानी आले. त्याने धोतराच्या सोग्यातील चारोळीच्या झाडाची पिकलेली चारं मित्राच्या ओंजळीत ओतली.

त्या ओंजळीविषयी येथे दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आरागिरणीचे पाते कोणाची भीड ठेवीत नाही. त्या गिरणीतील जुना कामगार त्याच्या तुटक्या बोटांवरून ओळखावा, अशी तेथील रीतच होती. परंतु मिसरूड फुटण्यापूर्वीपासून पात्यासमोर उभ्या राहिलेल्या डोमाजीची दाही बोटे शाबूत होती. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या मिस्तरीने त्याला एक मंत्र दिला होता, "ओढ लागली का हात सोड. लाकूड जाऊ दे, पट्टा जाऊ दे, हात सोड." हा मंत्र त्याच्या रक्तात असा भिनला होता की, झोपेत बायकोने पांघरूण ओढले तरी त्याची मूठ आपोआप उघडत असे. शेजारणी या गोष्टीवरून अंजनाबाईची थट्टा करीत.

होळीच्या सुमारास मालकाने गिरणीस कुलूप ठोकले. चाळिशी उलटलेल्या डोमाजीने काम मागण्यासाठी पायांच्या वहाणा झिजविल्या. अखेर चांद्याकडील एका नव्या कारखान्याच्या फोरमनने त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि तो म्हणाला, "आरागिरणीचा माणूस आणि दाही बोटं? म्हणजे तू हुशार आहेस. पावसाळ्याच्या तोंडी ये. डॉक्टरी तपासणी झाली की घेतो."

तेवढ्या एका शब्दावर घर तगून होते. तरीही डोमाजीस चैन पडेना. न वाजणाऱ्या भोंग्याने तो रोज पहाटे जागा होई आणि गिरणीच्या कुलूपबंद फाटकासमोर जाऊन बसे. चार माणसे कुजबुजू लागली. शेवटी अंजनाबाईनेच त्याची पिशवी भरली.

"कुलुपाकडे पाहून पाहून पागल होसान तुमी. कोलूभाऊकडे जा, डोंगर पाहा, हवा खा. फकत हातपाय धड घेऊन परत या, म्हणजे झालं."

कोलू पूर्वी बैलगाडीने गिरणीत लाकडे आणीत असे. दोघांची दोस्ती तेव्हापासूनची. त्याचा टोला, म्हणजे चार घरांची वस्ती, धानोऱ्याच्या पलीकडे, मोठ्या डोंगरीच्या पायथ्याशी होता.

जन्मभर लाकडे चिरणाऱ्या त्या पुरुषाने झाडे अशी उभी, पानांसकट, निवांतपणे कधी पाहिली नव्हती. तो रोज डोंगर चढे. कडेकपारीत बोटे रुतवून जेथे बकरी चढत नाही तेथे जाई. झऱ्याच्या डोहात दुपारभर रेड्यासारखा पडून राही. तेंदूच्या झाडाची टेंभरे खाऊन ओठ चिकट करून घेई आणि थंड कपारीत निजे. परंतु पहाट झाली की छातीत तो भोंगा वाजेच. मग तो उठून अंधुक उजेडात आपली बोटे चाचपून पाही आणि पुन्हा डोंगर चढू लागे. दुःखापासून पळणाऱ्याला चढण लागत नाही, असे म्हणतात ते खोटे नव्हे.

एके दिवशी त्याने कड्याखाली लोंबकळणारी आग्यामोहोळांची रांग पाहिली. एकेक पोळे सुपाएवढे होते.

"हे काऊन ठेवलं आहे गा? काढत नाई तू?"

उत्तर कोलूच्या बायकोने, बुधरीने दिले. "दोर कोण धरंल, भाऊ? माहा भाऊ चैतू धरत होता. मागच्या पावसाळ्यात तापानं गेला."

"मी धरतो ना!"

"तुह्या हाती कसा देऊ?" कोलू म्हणाला. "आमच्या इथी दोर साळाच धरते. दुसरा माणूस हात सोडंल. साळा नाई सोडत. सोडला तर त्याचीच बहीण रांड होते."

डोमाजीस त्या कड्याची भूल पडली होती. कुलूप, फाटक, फोरमन हे सारे विसरावयास लावील असा पराक्रम त्याला हवा होता. तो बोलून गेला, "मंग मले कर साळा."

बुधरी हसली नाही. तिने लोटाभर पाणी आणले व त्याच्या पायांवर ओतले. तांदूळ लावण्यासाठी तिने हात उचलताच डोमाजी मागे सरला. "बाई, आमी दीक्षा घेतलेले. देवाचं काई करत नाई मी."

"देव कोण मांगून राह्यलं? मी भाऊ मांगून राह्यले."

डोमाजीने मान पुढे केली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघे कड्यावर गेले. माहुलीच्या वेलीच्या सालीचा दोर येनाच्या झाडास एक वेढा देऊन डोमाजीने धरला. दुसऱ्या टोकाला कोलू कमरेस बांधून, हाती धुराची चूड घेऊन खाली उतरला. बुधरी कड्याच्या कडेस पालथी पडून त्याला पाहत होती व "ढिला कर", "थांब" असे सांगत होती. पहिले पोळे निघाले. कोलूने खालून आरोळी दिली. डोमाजीही हर्षाने ओरडला.

इतक्यात वारा फिरला. धूर कोलूला सोडून कड्यावर आला आणि मागोमाग माश्या आल्या. बुधरीने लुगड्यात तोंड लपविले. डोमाजीच्या डोळ्यांवर, कानांत, ओठांवर आगीचे थेंब पडू लागले. त्याच क्षणी कोलूच्या पायाखालचा दगड निखळला व दोरास हिसका बसला.

ओढ लागली.

आणि त्याचा हात उघडला.

वाचकहो, तो त्याने उघडला नव्हता, तो उघडला. अवघ्या हयातीची सवय ती. दोर सुसाट धावू लागला. खालून कोलूची किंकाळी आली आणि वर बुधरी "भाऊऽ" म्हणून ओरडली. डोमाजीला आपली दाही बोटे दिसली, फोरमनने उलटीपालटी केलेली. मग त्याने ती दाही बोटे त्या धावत्या दोरावर मिटली.

साल हाताची की माहुलीची, ते कळेना. मांस जळाल्याचा वास त्याला स्वतःला आला. दोर थांबला. डोळे सुजून मिटले होते. त्या अंधारात तो झाडास पाय लावून बसून राहिला. कोलू खालच्या कपारीत पोहोचला, कमरेचा दोर सोडवून दुसऱ्या वाटेने वर आला, तरी तो तसाच बसलेला होता.

"सोड गा आता, साळ्या. मी आलो."

"सुटून नाई राह्यला गा," डोमाजी म्हणाला.

अखेर दोन्ही बाजूंनी दोर कापावा लागला.

बुधरीने मोहाच्या टोरीचे तेल व हळद बांधली. कितीतरी दिवस ती त्याला आपल्या हाताने घास भरवीत होती. जखमा भरल्या, पण भरताना त्यांनी बोटे आत ओढून घेतली. ती दोर धरल्यासारखी वाकली ती वाकलीच.

घरी परतल्यावर अंजनाबाईने ते हात आपल्या मांडीवर घेतले. एकेक बोट सरळ करण्याचा यत्न तिने केला. होईना.

"दोर सोडला असता तं?"

"कोलू मेला असता."

"आन् आता आपन?" ती म्हणाली.

मृग लागताच दोघे चांद्यास गेली. कढत पाण्यात हात बुडवून, रात्री फळीस बोटे बांधून त्याने काय काय केले, ते लिहीत नाही. आशा फार चिवट असते.

डॉक्टर भला मनुष्य होता. "हात उघडा," तो म्हणाला. डोमाजीने दात आवळले. कपाळावर घाम आला, पण बोटे तसूभर हलली नाहीत. "उघडा ना." फोरमन दाराशी उभा होता. त्याने ओळखले व तो जवळ आला.

"तूच ना तो? दाही बोटंवाला?"

"हो साहेब. मोजून घ्या. दाही आहेत."

फोरमनने मोजली नाहीत. थोडा वेळ त्या हातांकडे पाहून त्याने पुढच्या माणसास हाक दिली.

परतीची एस. टी. भरलेली होती. अंजनाबाईस कशीबशी जागा मिळाली. डोमाजी उभा राहिला. वाकलेली बोटे वरच्या दांडीवर जणू तिच्याचसाठी घडविल्यागत बसली. मूलपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा होता. गाडी हेलकावली की उभी माणसे एकमेकांच्या अंगावर कोसळत, शिव्या देत, सावरत. एक म्हातारा डोमाजीच्या कमरेस धरून उभा राहिला.

"पडसीन ना गा, बसून घे खाली," कोणी तरी म्हाताऱ्यास म्हणाले.

"नाई पडत," म्हातारा म्हणाला. "यानं मजबूत धरलं आहे."

अंजनाबाईने खिडकीकडे तोंड फिरविले. डोमाजी वडसा येईपर्यंत तसाच उभा होता.

कथा येथे पुरी होते. एका साध्या माणसापाशी आपण एवढा वेळ थांबलात, त्याबद्दल आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार मानून लेखणी खाली ठेवतो.

आपला नम्र,
दसरू नथ्थूजी शेंडे
देसाईगंज (वडसा)