श्रीधरच्या रक्तातला मी

मी एक जुना जनुक आहे. जनुक म्हणजे शरीराला मिळालेली लेखी सूचना. रक्तातला तांबडा पदार्थ कसा घडवायचा, हे मी सांगतो. पण फार पूर्वी माझ्यातलं एक अक्षर बदललं.

मित्रांनो, प्रत्येकाकडे या सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. दुसरी प्रत धड असेल तर मी निमूट राहतो. चंद्रपूरकडच्या जंगलात हिवतापातून मी कितीतरी जणांना वाचवलं, तेच माझे भले दिवस. पण दोन्ही प्रती माझ्यासारख्या निघाल्या, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकू लागतात.

मालनबाईंकडून मी त्यांच्या मुलात, श्रीधरमध्ये आलो. आयटीतल्या नोकरीसाठी तो पुण्याला आला आणि वाघोलीत फ्लॅट घेऊन राहिला. त्याच्या बायकोकडे, रुपालीकडेही माझ्यासारखीच एक प्रत होती. कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांची राजनंदिनी तीन वर्षांची झाली आणि तिचे हातपाय सुजू लागले.

सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी तिघांचं रक्त तपासलं. "सिकलसेल आहे. निम्मं आईकडून आलंय, निम्मं तुमच्याकडून," ते श्रीधरला म्हणाले. "पोरीला थंडी लागू देऊ नका."

घरी मालनबाई कडाडल्या, "आमच्या रक्तात असलं काही नाही. हिनंच आणलं!"

"अहो, डॉक्टर काय म्हणाले ते सांगा ना आईंना," रुपाली म्हणाली.

श्रीधरनं संगणकावरची नजर काढली नाही. "माझा रिपोर्ट साफ आहे," तो म्हणाला.



जानेवारीत मालनबाईंनी मायलेकींना रुपालीच्या माहेरी जाणाऱ्या चंद्रपूरच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीची काच फुटकी होती. रुपालीनं आपली शाल, पदर, सगळं पोरीभोवती गुंडाळलं. तरी गारठ्यानं पोरीच्या छातीत कळा सुरू झाल्या. चौथ्या दिवशी राजनंदिनी गेली. ते काम माझंच होतं.

वर्षभरात रुपालीशी काडीमोड होऊन श्रीधरचं दुसरं लग्न झालं. तपासणीचं नावही कुणी काढलं नाही. आता त्याच्या नव्या बायकोला, चंपाला, पाचवा महिना लागलाय. तिच्या पोटातल्या बाळात मी पोहोचलोय, आणि तिच्याकडून आलेली प्रतही माझ्यासारखीच आहे.

काल तिनं विचारलं, "अहो, पहिल्या मुलीला काय झालं होतं?"

"न्यूमोनिया," श्रीधर म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मित्रांनो, मला पुसून टाकता येत नाही. पण एका थेंबात मी सापडतो. लग्नाआधी दोघांचंही रक्त तपासा, आणि जे निघेल ते एकमेकांना खरं सांगा.