सागवानाच्या पोटात

लाकडातून धूर निघू लागला तशी शामलानं ड्रिल मशीन बंद केली. भोक अर्ध्यावर आलं होतं आणि त्याच्या कडा करपून काळ्या झाल्या होत्या. बिट इतका तापला होता की बोट लावायची सोय नव्हती. दोन तुळया शेजारी शेजारी जोडून केलेल्या आठ इंच जाडीतून तिला वायरचा पाइप आरपार न्यायचा होता. हातातला बिट होता पत्तीचा, चपटा, लहानशा फावड्यासारखा. पाच इंच आत गेला की तो थरथरायला लागे. वाढीव दांडा जोडून तिनं सकाळी एक भोक पाडून पाहिलं होतं, तर ते पलीकडे दोन बोटं खाली निघालं. भोक तुळईच्या मधोमध हवं. खालच्या कडेला गेलं की तुळईचा जोर गेला. हे तिला मार्तंडकाकांनीच शिकवलं होतं.

मार्तंड सुतार त्या दिवशी उमरेडला कुणाच्या तरी तेरवीला गेले होते. जाताना नेहमीप्रमाणे पत्तीचे चार बिट तिच्या हातात ठेवून गेले होते. "यानंच भोकं पाडजो, शामला. दुसरं काही आणू नोको."

काम हुडकेश्वरला होतं. हिमानी मॅडमनं आपल्या नव्या घराच्या खालच्या हॉलमध्ये बालवाडी काढायला घेतली होती. हॉलच्या एका अंगाला आठ खांबांवर लाकडी माळा बांधला होता. वर पोरांनी दुपारी झोपायचं आणि खाली खेळायचं. सगळं लाकूड कसं गुळगुळीत, मधाच्या रंगाचं होतं. नाव नोंदवायला येणारा प्रत्येक पालक खांबावरून हात फिरवून म्हणे, वा, सागवान! माळ्यावरच्या पंख्यांची आणि दिव्यांची वायरिंग शामलाकडे होती.

शामला भोयर बेचाळीस वर्षांची. आयटीआय करून ती आधी हिंगण्याच्या एका कारखान्यात पॅनल जोडायला होती. तो बंद पडला तेव्हा घरोघरच्या वायरिंगचं काम बाईला कोण देणार? मार्तंडकाकांनी दिलं. "माही पोरगीच समजा," असं सांगत ते तिला आपल्या प्रत्येक साइटवर घेऊन गेले. लाकूड नाकानं ओळखायला त्यांनी शिकवलं. ताज्या सागवानाचा वास, सालईचा वास, पाणी लागलेल्या लाकडाचा वास. बारा वर्षं झाली होती त्याला. दसऱ्याला ती हत्यारांची पूजा झाली की आधी त्यांच्या पाया पडायला जाई.

पण पत्तीच्या बिटनं हे काम होणार नव्हतं. तिनं स्कूटर काढली आणि इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"भाभी, दिवारसाठी पाहिजे का?" दुकानदारानं विचारलं.

"दिवारीचा बिट लाकडाले लावून काय करू, भाऊ? लाकूड जाळू? गिरमिट दाखवा. मशीनले लागणारं. पंचवीस एमएम, लांबी एक फूट."

त्यानं तीन काढून ठेवले. शामलानं प्रत्येकाच्या पिळावरून नख फिरवलं. एकाची धार दिसायला चकचकीत, पण नखाला लागेना. दुसरा किंचित वाकडा होता, काउंटरवर घरंगळवला तसा उड्या मारत गेला. तिसऱ्याच्या टोकावरचा बारीक स्क्रू तीक्ष्ण होता, पीळ खोल होता आणि धार बोटाला चावत होती. हा स्क्रू लाकूड पकडतो आणि बिटला स्वतःच आत ओढतो. आपण मशीन सरळ धरायची आणि हळू फिरवायची, बस. पत्तीचा बिट सगळ्याचा भुसा करून टाकतो, पण गिरमिट आतलं लाकूड जसंच्या तसं बाहेर आणतं.

"खिळा लागला तर धार गेली समजा," दुकानदार म्हणाला. "नवीन लाकूड आहे ना?"

"नवीन सागवान हाये," शामला म्हणाली, आणि तिला ते सांगताना जरा ऐट वाटली.

परत येऊन तिनं जिन्याकडच्या तुळईवर मधोमध खूण केली आणि मशीन हळू सुरू केली. स्क्रूनं लाकूड धरलं. आधी सागवानाचा पातळ पापुद्रा आला, पिवळसर, नखाएवढ्या जाडीचा. तो संपला आणि खालून मातकट रंगाच्या ओल्या चिपा यायला लागल्या. त्यांना सागवानाचा वास नव्हता. पावसाळ्यात संडासामागच्या भिंतीला येतो तसला वास होता. शामलानं तोंड बाजूला केलं. तेवढ्यात मशीनला एकदम हिसका बसला, बिट धडकन तीन इंच आत पडला. आत लाकूडच नव्हतं.

तिनं मशीन उलटी फिरवून बिट बाहेर ओढला. पिळाला काहीतरी गुंडाळून आलं होतं. भुसा आणि डिंकाचा काळपट लगदा, त्यात अर्धा मोडलेला गंजका खिळा, आणि त्या सगळ्याभोवती वेढे घेतलेली खर्र्याची प्लास्टिकची पन्नी. पन्नीत चघळून टाकलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा अजून होता, लालकाळा, चिकट. तो तिच्या मनगटावर सांडला.

ती नळाकडे धावली. साबण लावून तीनदा हात धुतला, कोपरापर्यंत. तरी तो वास जाईना. कुणीतरी खर्रा खाऊन लाकडाच्या भोकात थुंकलं होतं, वरून भुशाचा लगदा थापला होता, त्यावर सागवानाचा पापुद्रा चिकटवला होता आणि पॉलिश मारलं होतं. आणि या माळ्यावर गाद्या टाकून पोरं झोपणार होती.

दुसऱ्या दिवशी मार्तंडकाका आले तेव्हा शामला त्या तुळईखाली कागदावर तो लगदा ठेवून बसली होती. काकांनी कागदाकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर मशीनवर गेली.

"हे गिरमिट कुठून आणलं?"

"इतवारीतून."

"मी तुले पत्तीचा बिट देऊन गेलो होतो ना?"

"काका, तुळईतून हे निघालं." तिनं कागद पुढे सरकवला. "खर्र्याची पन्नी हाये यात."

"हाताखालच्या पोरांनी टाकली असन. आजकालची पोरं कुठंही थुकतात, मी कोणाकोणाच्या तोंडाकडे पाहू?"

"आणि भुसा? डिंक?"

काका तिच्याजवळ उकिडवे बसले. आवाज त्यांनी मऊ केला, नेहमी समजावताना करत तसा. "पाह्य, पोरी. जुनं लाकूड हाये. पाडलेल्या घरातलं. त्याले जुनी भोकं राहतेच, ते भरावं लागते. सगळेच भरतात. वरून पाहणाराले काय दिसते? सागवान दिसते."

"आतून सडलं हाये ते."

"सगळं नाही सडलं. आणि वजन कोणाचं येणार हाये वर? लेकरायचं."

शामला त्यांच्याकडे पाहत राहिली. पांढरी मिशी, कानामागे अडकवलेली पेन्सिल, सगळं बारा वर्षांच्या ओळखीचं. आणि मग तिच्या डोक्यात एकेक साइट उभी राहू लागली. दिघोरीची अभ्यासिका. मानेवाड्याचं घर. रामदासपेठेतल्या डॉक्टरांचं वेटिंग रूम. प्रत्येक ठिकाणी काकांनी जाता जाता तिच्या हातात पत्तीचा बिट ठेवला होता. पत्तीच्या बिटखाली लाकूडही भुसा होऊन पडतं आणि भरलेला लगदाही भुसा होऊन पडतो. दोन्हींत फरक कळत नाही.

"बारा वर्षं मले पत्तीचाच बिट दिला तुमी," ती म्हणाली. "काहून?"

काकांनी कानामागची पेन्सिल काढून पुन्हा अडकवली. मग हसले. "तू हुशार हायेस. तुह्यासारखीच्या हातात दुसरं काही देऊन चालत नाही."

कौतुक केल्यासारखं बोलले ते. शामलाला शिसारी आली. काल मनगटावर सांडलेला खर्रा परवडला असता, असं तिला वाटलं. तो धुता तरी आला होता.

तेवढ्यात हिमानीचा नवरा ओमप्रकाश आत आला. भोक पाहिलं, कागद पाहिला आणि त्यानं आधी दार लोटून घेतलं. शामलाला तेवढ्यावरूनच सगळं कळलं.

"तुमाले माहीत होतं," ती म्हणाली.

"अरे बाबा, माहीत म्हणजे काय! मार्तंडभाऊ म्हणाले पुराना माल आहे, मजबूत आहे. मी म्हटलं, लावा. रविवारी उद्घाटन आहे, कार्ड वाटून झाले. तुम्ही ते छेद बंद करून टाका ना, ताई. वरून पॉलिशचा एक हात मारून देतील ते."

"आणि पडलं तर?"

"पडत नाही हो. लोखंडी क्लिपा मारू दोनचार."

दार पुन्हा उघडलं. हिमानी होती. दोन्ही काखांत लहान लहान गाद्या, हत्तींच्या चित्रांच्या. "दार का लावलंय?" तिनं विचारलं, आणि तिघांचे चेहरे पाहून गाद्या खाली ठेवल्या. "शामलाताई, काय झालं?"

काका शामलाकडे पाहत होते. त्यांची मान नकारार्थी किंचित हलली. तिनं कागद उचलून हिमानीच्या हातात दिला.

हिमानीनं वाकून पाहिलं, वास घेतला, आणि कागद लांब धरला. "हे माझ्या माळ्यातून निघालं?"

"एका तुळईतून. बाकीचं मले माहीत नाही, मॅडम."

"मग पाहा. चालू करा मशीन."

"हिमानी, उगाच तमाशा..." ओमप्रकाश म्हणाला.

"चालू करा, शामलाताई. आठही खांब पाहा."

शामलानं एकेका खांबाला गुडघ्याच्या उंचीवर लहान भोक पाडलं. खाली प्रत्येक वेळी नवा वर्तमानपत्राचा कागद. पहिल्या खांबातून सोनेरी गुंडाळ्या निघाल्या, घट्ट, सुगंधी. दुसऱ्यातूनही. तिसऱ्यात तिला पुन्हा तो वास आला आणि मशीन उलटी फिरवायच्या आधीच तिनं श्वास रोखला. विडीची थोटकं निघाली, त्यांच्यासोबत ओला भुसा आणि कुठल्याशा चिंधीचे धागे. चौथ्यातून वाळवीची माती भसाभसा गळत राहिली, बिट बाहेर काढल्यावरसुद्धा. आठपैकी चार खांब असे निघाले. माळ्याची जिन्याकडची अख्खी बाजू त्यांच्यावर उभी होती.

हिमानी शेवटच्या कागदापर्यंत गेली नाही. तोंडावर ओढणी दाबून बाहेर अंगणात गेली, तिथं ओकली आणि चूळ भरून परत आली. नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "बावीस मुलं येणार आहेत माझ्या वर्गात. तुला माहीत होतं, आणि तू मला कालच म्हणालास की मुलांना वरच झोपवू, खाली फरशी गार लागते."

ओमप्रकाशनं खिशातला फोन काढला आणि काहीतरी पाहिल्यासारखं करत राहिला.

उद्घाटन रद्द झालं. तीन दिवसांनी माळा उतरवला. लाकूड मागच्या मोकळ्या जागेत रचलं आणि दुपारी मार्तंडकाकांचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला. लाकूड परत न्यायला. कुठल्या तरी हॉटेलचं काम लागलं आहे, असं ड्रायव्हर सहज बोलून गेला.

शामला उरलेली वायर गुंडाळत होती. ती तशीच टाकून हिमानीकडे गेली. "मॅडम, हे असंच्या असं जाऊ देऊ नका. हे दुसरीकडे उभं राहीन."

हिमानीनं आरावाल्याला बोलावलं. प्रत्येक कुजक्या खांबाचे आणि तुळईचे हातहातभर तुकडे केले गेले. आरा फिरत होता तोवर मार्तंडकाका टेम्पोला टेकून उभे होते. तुकडे होत गेले तसा आत काय काय भरलं होतं ते सगळ्यांना दिसत गेलं. एका खांबात तर बुटाचा तळवाच ठोकून बसवलेला निघाला. ड्रायव्हर "छी" म्हणून लांब जाऊन थुंकला.

"मीच तुले कामाले लावलं होतं," काका जाताना शामलाला म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच तं मले झोप येत नाही."

त्यानंतर तिला सुतारांकडून येणारी कामं थांबली. मार्तंडकाकांचं नाव मोठं होतं आणि तिची बदनामी त्यांच्या तोंडून गावभर गेली होती. तिनं मात्र जुन्या डायऱ्या काढल्या. काकांच्या हाताखाली लाकडी कामात वायरिंग केलेल्या अकरा जागा निघाल्या. रविवार आला की गिरमिट घेऊन ती एकेका दारात जाऊन उभी राही. सांगायला तिला लाज वाटे. काहींनी दार लावून घेतलं. डॉक्टरांच्या माणसानं तर तिला जिन्यावरूनच परत पाठवलं. दिघोरीच्या अभ्यासिकेत दोन खांब पोकळ निघाले, तिथं आता लोखंडी उभे केले आहेत.

मानेवाड्याच्या घरी जयवंताबाई एकट्या होत्या, सत्तरीच्या. माळ्यावर गव्हाच्या कोठ्या आणि मुलाचं जुनं सामान, आणि खाली त्यांची खाट. शामलाचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं. खाट सरकवायला स्वतः हात लावला. "पाह्य, बाई. मीही रोज त्या माळ्याकडंच पाहत झोपते."

शामलानं तुळईला बिट लावला. श्वास रोखूनच मशीन सुरू केली. एक इंच, दोन, चार. आरपार. खाली पडल्या त्या लांब, पिवळ्याधमक गुंडाळ्या, तेलकट चकाकीच्या. सगळं अस्सल सागवान होतं. एकही भरलेली जागा नव्हती. तिनं दुसरी तुळई पाहिली, मग दोन्ही खांब पाहिले. सांधे इतके नेमके बसवलेले होते की मध्ये कागद जाऊ नये.

म्हणजे त्या माणसाला येत होतं. सगळं येत होतं. कुठं चांगलं लावायचं आणि कुठं घाण भरायची, हे त्यानं घर पाहून, माणूस पाहून ठरवलं होतं.

"चांगलं हाये ना?" जयवंताबाईंनी विचारलं.

"चांगलं हाये, आजी. एकदम पक्कं."

"मंग तोंड काहून असं केलं वं तू?"

शामला पिशवीतून हातोडी काढायला वळली. तिनं पाडलेल्या भोकांत सागाच्या खुंट्या ठोकल्या, घासून सारख्या केल्या, खालच्या गुंडाळ्या झाडून घेतल्या आणि आजींची खाट पुन्हा जागेवर लावून दिली. पाणी घे म्हणून त्या मागे लागल्या, पण ती थांबली नाही. डायरीत पुढचा पत्ता पाहून तिनं स्कूटर सुरू केली.