बुधवारचा खोकला

दर मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला स्पृहाला खोकला यायचा. बुधवारी सकाळी तो वाढायचा आणि दुपारी शाळा सुटली की असा गायब व्हायचा, की पोरगी आइसक्रीमचा हट्ट धरायला मोकळी! नऊ वर्षांच्या मुलीला वेळापत्रक पाळणारा खोकला का व्हावा, हे कोडं घरात कुणालाच पडलं नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. बुधवारी तिसरीच्या वर्गाचा पोहण्याचा तास असायचा. जर्मनीत तो गणिताच्या तासासारखाच सक्तीचा असतो.

मग स्पृहाची आई विभावरी वही काढायची आणि शाळेसाठी एंटशुल्डिगुंग, म्हणजे माफीची चिठ्ठी लिहायची. ‘स्पृहाला सर्दी-खोकला असल्यामुळे आज ती पोहू शकणार नाही.’ एरवी जर्मन पत्र लिहिताना तिला तीनदा शब्दकोश बघावा लागे. हे एक पत्र मात्र तोंडपाठ झालं होतं.

तुम्ही म्हणाल, शिकलीसवरलेली बाई आणि शाळेत खोटी चिठ्ठी? विभावरी अगदी सरळ बाई होती. श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनमध्ये राहायची, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. कुठे काय बिघडू शकेल हे आधीच शोधून काढायचं, हे तिचं काम. तिचं दुर्दैव एवढंच, की ऑफिस सुटल्यावरही तिचं काम सुटत नसे. घराबाहेर पाऊल टाकलं की तिला आधी धोका दिसायचा, आणि पाणी दिसलं की फक्त धोकाच दिसायचा.

त्यालाही कारण होतं. दहा वर्षांची असताना मुळशीच्या सहलीत तिचा पाय घसरला आणि ती पाण्यात गेली. नाकातोंडात पाणी गेलं, डोळ्यांपुढे हिरवा अंधार झाला. मामाने वेणीला धरून बाहेर ओढलं म्हणून वाचली. त्या दिवसापासून आईने तिला पाण्याच्या जवळ जाऊ दिलं नाही. पुढे तिचं लग्न झालं, जर्मनी झाली, बोडनझे तलावाच्या चार सहली झाल्या. प्रत्येक सहलीत नवरा, मित्र, त्यांच्या बायका पाण्यात, आणि विभावरी काठावर. सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या राखत!

नवरा सुमित मवाळ स्वभावाचा. "तिला भीती वाटते ना, मग राहू दे," म्हणाला की त्याच्या दृष्टीने विषय संपायचा.

एप्रिलच्या सुरुवातीला सुमितचे वडील यशवंतराव तीन महिन्यांसाठी वाईहून आले. पोस्टातून निवृत्त झालेले, अंगाने सडसडीत. गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत रोज सकाळी कृष्णेत पोहणारा माणूस. नातीचा खोकला त्यांनी दोन मंगळवार निमूटपणे ऐकला. तिसऱ्या मंगळवारी मात्र त्यांना राहवलं नाही.

"विभा, असा कॅलेंडर बघून येणारा खोकला मी आमच्या पोस्टात पुष्कळ पाहिलाय. फक्त तिथे तो सोमवारी यायचा."

विभावरीचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्हाला सगळं कळतंय, मग असं बोलता कशाला? तिला काही झालं तर? सुमित समजून घेतो. तुम्हीही समजून घ्या."

सून आहे, तिचं घर आहे, आपण पाहुणे. यशवंतरावांनी वर्तमानपत्रात डोकं घातलं.

त्याच आठवड्यात स्पृहाच्या दप्तरातून दोन कागद घरी आले. पहिल्यात वर्गशिक्षिका फ्राऊ ब्रेंडले यांनी लिहिलं होतं, की यापुढे चिठ्ठी चालणार नाही, डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागेल, आणि पालकांनी एकदा भेटून जावं. दुसरा कागद सहलीचा होता. जूनच्या अखेरीस वर्गाची तीन दिवसांची सहल डॅन्यूब नदीवर. मुलं छोट्या होड्या वल्हवत एका गावाहून पुढच्या गावाला जाणार. पोहण्याचा ब्राँझचा बिल्ला मिळवलेली मुलंच होडीत बसतील, बाकीची सामानाबरोबर बसने पुढे जातील. खाली दोन चौकोन होते, ‘होडीतून’ आणि ‘सामानाबरोबर’. पालकांनी एकावर खूण करून सही करायची.

"स्पृहा, बसनेच जाशील ना बाळा?" विभावरीने विचारलं.

"जा, क्लार," स्पृहा पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली. "इश पासं आउफ दी ताशन आउफ." म्हणजे, हो ना, मी पिशव्यांवर लक्ष ठेवीन.

पोरगी रडली असती, तणतणली असती, तर एक वेळ विभावरीने समजूत काढली असती. पण ही किती सहज बोलली! जणू पिशव्या राखणं हा तिच्या वाट्याचा विषयच होता. फॉर्म तसाच टेबलावर पडून राहिला.

शनिवारी सकाळी सासरा-सून स्वयंपाकघरात बसून श्पार्गेल सोलत होते. हा इकडचा पांढरा शतावरीचा कोंब, त्याची साल शेवग्यासारखी निघते, म्हणून यशवंतरावांनी ते काम आपल्याकडे घेतलं होतं. हात चालू ठेवूनच त्यांनी विषय काढला.

"आमच्या घाटावर मी दीडशेएक पोरांना पोहायला शिकवलं. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि पाण्यात सोडायचं. चार दिवसांत डबा सुटायचा. त्या दीडशेत पोरी किती, माहितेय? एकही नाही. माझी ऊर्मिलासुद्धा नाही."

ऊर्मिला म्हणजे सुमितची मोठी बहीण, पुण्यात बँकेत मॅनेजर, वडिलांना दादा म्हणणारी. विभावरीने चमकून पाहिलं.

"ती काठावर उभी राहून विचारायची, दादा, मला कधी? मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. घाटावर लोक काय म्हणतील, ही माझी भीती होती. बोलताना मात्र मी म्हणायचो, पोरीची काळजी वाटते. गेल्या दिवाळीत तारकर्लीला गेलो होतो सगळे. वीस माणसं पाण्यात, आणि ऊर्मिला काठावर. सगळ्यांच्या चपला, चष्मे, मोबाइल तिच्यापुढे मांडलेले. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं ग, विभा. सवय होती. ते बघून माझ्या घशाखाली जेवण उतरलं नाही."

"बाबा, माझी गोष्ट वेगळी आहे. मी बुडता बुडता वाचलेय."

"म्हणूनच तुला विचारतो. त्या दिवशी तुला पोहता येत असतं तर काय झालं असतं?"

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न विभावरीला कुणी विचारला नव्हता, तिने स्वतःलाही नाही.

"पाणी विचारून येत नाही," यशवंतराव म्हणाले. "पाण्यापासून लांब ठेवलेलं लेकरू उद्या पाय घसरून पडलं, तर तिथे तुझी चिठ्ठी कामाला येईल का? तिला पोहायला शिकवणं ही काळजी. तू करतेस ती काळजी नव्हे, ती तुझी भीती आहे. माझी मी लेकीला दिली, तुझी तू लेकीला देतेयस. मी चुकलो म्हणून सांगतोय, शहाणा आहे म्हणून नाही."

सोमवारी विभावरी शाळेत गेली. गेल्या गेल्या तिने एका दमात सांगून टाकलं, की सगळ्या चिठ्ठ्या खोट्या आहेत, मुलीला पाण्याची भीती वाटते. बोलताना कानशिलं तापली होती.

फ्राऊ ब्रेंडले रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे बघा, चिठ्ठ्या खोट्या आहेत हे मला ठाऊक होतं. पण स्पृहाला पाण्याची भीती वाटत नाही."

"म्हणजे?"

"मी तिला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं. ती म्हणाली, मी खोकले नाही तर आई रात्रभर जागी राहते. मी खोकले की ती झोपते."

विभावरीला वाटलं, खुर्चीखालची जमीन सरकली. आपण मुलीला जपतोय, असं ती समजत होती. इथे नऊ वर्षांचं पोर आईला जपत होतं! आईच्या भीतीपायी खोटं खोकत होतं, खोटं बोलायला शिकलं होतं, आणि त्याबद्दल एका शब्दाने कुरकुरलं नव्हतं. तिला तिथेच रडू फुटलं.

बाईंनी रुमालाचा खोका पुढे सरकवला आणि शांतपणे विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हाला पोहता येतं?"

त्या बुधवारी स्पृहा पोहायला गेली. घरी आली ती केस ओले, डोळे लाल आणि तोंडाचा पट्टा चालू! महिन्याभरात तिने पहिला, नवशिक्यांचा बिल्ला मिळवला, मग जूनच्या सुरुवातीच्या सुट्टीत रोज सुमितबरोबर तरणतलावावर जाऊन ब्राँझची तयारी सुरू केली. मुलांचं असंच असतं. आपण वाटेतून बाजूला झालो की ती पुढे जातात.

विभावरीचं इतकं सोपं नव्हतं. तिने प्रौढांच्या वर्गात नाव घातलं खरं, पण पहिल्या दिवशी पोहण्याचा पोशाख घालून चार लोकांत यायलाच तिला वीस मिनिटं लागली. बाहेर आल्यावर कळलं, कुणी बघतही नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यात ती कठडा धरून उभीच राहिली. शेजारी एक्काहत्तर वर्षांच्या तुर्की आजी होत्या. त्या म्हणाल्या, "नवऱ्याने पन्नास वर्षं पाण्यात जाऊ दिलं नाही. आता तो नाही, मी आहे." आणि त्यांनी सरळ तोंड पाण्यात घातलं. विभावरीला त्यासाठी तीन आठवडे लागले. पाचव्या आठवड्यात ती तरंगली. दोनदा तिने वर्ग सोडायचं ठरवलं, दोन्ही वेळा स्पृहाने तिची पिशवी भरून दाराशी ठेवली. एका बुधवारी विभावरी सोफ्यावर बसून "घसा जरा धरलाय" म्हणाली, तेव्हा यशवंतराव इतके हसले की तिलाही हसू आलं आणि ती उठून गेली.

जूनच्या मध्यावर स्पृहाला ब्राँझचा बिल्ला मिळाला. फॉर्मवरच्या ‘होडीतून’ या चौकोनावर विभावरीने खूण केली.

सहलीच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, पालकांना बोलावलं होतं. शेवटच्या तासाभराच्या टप्प्यात मुलं आपल्या आईवडिलांना होडीतून नेणार होती. दोन्ही बाजूंना पांढरे कडे, मधून शांत वाहणारी नदी. सगळे जण गेले. सर्वांना लाइफ जॅकेटं वाटली गेली, तसे वल्हवायला शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "आमची एक पद्धत आहे. निघण्याआधी प्रत्येक होडी इथेच, काठाजवळ, मुद्दाम उलटी करायची. एकदा पडून बघितलं की पडण्याची भीती राहत नाही. ज्यांना नको असेल त्यांनी काठावर सामानाजवळ थांबावं."

विभावरीच्या तोंडचं पाणी पळालं. तरणतलावाला तळ दिसतो, कठडा असतो. इथे पाणी हिरवं होतं, अगदी मुळशीसारखं. तिचे पाय आपोआप पिशव्यांच्या दिशेने वळले.

तिथे गवतावर यशवंतराव मांडी घालून बसले होते. "ही जागा भरलीय," ते म्हणाले. "तुझ्या चपला दे इकडे. आज चपला मी राखतो."

तिने चपला काढून त्यांच्या हातात दिल्या आणि वळली. होडीत स्पृहा पुढे, सुमित मागे, ती मधे.

"आई, घाबरू नको," स्पृहा मराठीत म्हणाली. एरवी आईला जर्मनमध्ये उत्तर देणारी पोरगी! "मी आहे ना."

"मीसुद्धा आहे," विभावरी म्हणाली. "आता एक-दोन-तीन म्हण."

एक, दोन, तीन! होडी कलंडली. गार पाण्याने तिला वेढलं, नाकात पाणी गेलं, डोळ्यांपुढे तोच हिरवा अंधार आला. क्षणभर ती पुन्हा दहा वर्षांची झाली. पण या वेळी वेणी ओढायला कुणी यायच्या आत जॅकेटने तिला वर उचललं, तिचे हात पाणी कापू लागले, पाय हलले आणि ती आपली आपण काठाकडे आली. खोकली, अगदी खराखुरा खोकला! मग इतक्या मोठ्याने हसली की पलीकडच्या होडीतले लोक वळून बघू लागले. स्पृहाने तिच्या गळ्यात ओले हात टाकले. काठावर यशवंतराव उभे होते, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात मोबाइल. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी पुसले नाहीत.

त्यांनी काढलेला व्हिडिओ तिथूनच ऊर्मिलाला गेला. खाली त्यांनी लिहिलं, ‘बेटा, तुला पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत राहिलो. माफ कर.’

उत्तर संध्याकाळी गाडीत आलं. विभावरीने मोठ्याने वाचून दाखवलं. ‘दादा, बायकांच्या सकाळच्या बॅचला नाव घालतेय. तुम्ही आलात की यायचं. डबा नको, पण चपला सांभाळायला माणूस लागेल.’

वाचकहो, साहस म्हणजे दर वेळी हिमशिखर चढणं नव्हे. ज्या गोष्टीपासून आयुष्यभर तोंड चुकवलं, तिच्यापुढे एकदा उभं राहणं, हेही साहसच. आपल्या सहलींमध्ये काठावर चपला राखत बसलेली एखादी आई, बहीण, लेक असतेच. तिला भीती वाटते असं आपण सगळे समजून चालतो. ती भीती तिला कुणी दिली, आणि ती पुढे कुणाला देणार आहे, हे मात्र विचारत नाही. लेकरांना घर द्या, शिक्षण द्या, दागिने द्या, पण आपली भीती काळजीच्या नावाखाली त्यांच्या हवाली करू नका. आणि पुढच्या सहलीत पाण्यात उतरण्याआधी एकदा मागे वळून बघा, तुमच्या चपला कोण राखतंय?