बियाची तवशी

वेलावर तवशी नव्हती. नुसता देठ, तोही ताजा, ओला!

चतुर्थीच्या सकाळी मी गच्चीवर पाणी घालायला गेले आणि किंचाळलेच. सावंतवाडीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर रंगाचे रिकामे डबे आणि फुटक्या बादल्या मांडून मी परडं केलंय. लाल भाजी, वाल, भेंडी, अळू, सगळं. चारही घरांचा ओला कचरा तिथेच कुजतो आणि आता एवढ्या उंचावर मधमाश्यासुद्धा येतात! पण माझा जीव त्या एका तवशीत, त्या गावठी काकडीत होता. धामापूरच्या गंगाराममामाकडची जुनी जात. गावात आता सगळे पाकिटातलं बियाणं लावतात, आणि मामाचा वेल यंदा माकडांनी उपटून टाकला. उरली ती एवढीच. वेलावर पिवळी होऊन सालीत नख रुतेनासं होईपर्यंत ठेवली तरच बी भरणार होतं.

मी दारं ठोठावत खाली धावले. पहिल्या मजल्यावर भाईंच्या घरात गणपती बसत होता. वर माटवी, म्हणजे फळं-भाज्या टांगायची लाकडी चौकट. तिच्यात नारळ, कवंडळं आणि मधोमध माझी तवशी.

"भाई, ती बियाची होती!"

"मगे? देवाक चांगल्यातला चांगला देवचा नाय तर काय कुजका?"

"मला विचारायचं तरी!"

"गच्ची काय तुझ्या नावावर आसा गो?" भाई हसले. "उद्या विसर्जनाक कापून प्रसाद वाटतलव. तुका मोठी फोड."

मी विनवलं, भांडले, रडलेसुद्धा. विसर्जनापर्यंत माटवीतलं खाली काढायचं नसतं, एवढंच उत्तर. आई म्हणाली, "सारिका, पुरे. सणासुदीचा तमाशो नको." रात्रभर मला विळीच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाआधी भाईंनी देवाला गाऱ्हाणं घातलं. सगळी बिल्डिंग हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणत होती. भाई थांबले, आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

"बा गणपती म्हाराजा! तुझ्या माटवीतली तवशी मामाच्या परड्यातली शेवटची आसा. तिका पिकान दी रे म्हाराजा!"

मागून शेजारच्या सोनलवहिनी, "व्हय म्हाराजा!"

"तिचो वेल हरेक घराच्या गॅलरीत चढान दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळेच.

"आणि जो कोण तिका विळी लावूक येयत, त्याका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हसू फुटलं. भाईंचेही हात जोडलेलेच होते. देवासमोर होकार गेला होता, आता मागे कसे फिरणार?

गणपती पोचवून आल्यावर ते स्वतः स्टुलावर चढले आणि तवशी माझ्या ओंजळीत ठेवली.

"घे, वकिलीणबाय." मग ते तिच्याकडे बघत राहिले. आवाज एकदम उतरला. "पण गो, कवळीच काढलंय मी. बियो पोकळ निघाल्यो तर?"

मी सालीवर अंगठ्याचं नख हलकेच टेकवलं.

लगेच रुतलं.